ताईची तलवार

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी गणित शिकवायचे, तिथे एका दुपारी खालच्या दुकानदाराने जनरेटर सुरू केला. फळा थरथरला आणि मी खडू टाकून पळाले. साठ पोरं वर्गात आणि मॅडम रस्त्यावर! भूकंपाला दहा वर्षं होऊन गेली होती, पण ते माझ्या पायांना कुणी सांगितलं नव्हतं.

क्लासचे सर तसे भले. चहा पाजून म्हणाले, "मॅडम, जूनपासून आपण नव्या बिल्डिंगमधी चाललोत, तिसऱ्या मजल्यावर. तिथून अशा पळालात अन् पोरं मागं पळाली, तर जिन्यात चेंगरतील. तुमचं तुम्ही ठरवा."

ठरवायचं काय, कपाळ? शिकवण्यावाचून मला दुसरं काही येत नव्हतं. राग सरांचा आला नाही, माझ्याच पायांचा आला.

तोल कानावर असतो म्हणतात, म्हणून कानाच्या डॉक्टरांना दाखवलं; त्यांनी तपासून दोष नाही म्हणून सांगितलं आणि नांदेडच्या एका बाईंकडे पाठवलं. त्या निवृत्त फिजिओथेरपिस्ट, सगळे त्यांना आपा म्हणत. दर रविवारी दुपार कलली की विष्णुपुरीजवळच्या एका मोकळ्या पटांगणात त्या गुडघेदुखीवाल्या पाचसहा जणांना ताई ची, म्हणजे सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम, शिकवत. त्या सगळ्यांत वयाने मी लहान आणि तोल जाण्यात सर्वांत पुढे. पाय उचलला की जमीन हलल्यासारखी वाटे आणि मी खाली बघत बसे.

तिसऱ्या रविवारी आपांनी माझ्या हातात एक लाकडी तलवार दिली. "जमिनीवर काय पहारा देऊन राहिलीस? टोकाकडं बघ," म्हणाल्या. उजव्या हातात तलवार, डाव्या हाताची दोन बोटं ताठ, आणि सगळं इतकं सावकाश की जीव कासावीस व्हावा. तलवारीत वार करणं कमी आणि थांबणंच फार. आधी एका पायावर पूर्ण वजन टाकायचं, दुसरा रिकामा झाला की मगच तो उचलायचा. मला नेमका घाईने भरला पाय उचलायची खोड. दर वेळी आपा काठीने माझ्या पोटरीला टोचत.

ती तलवार चादरीत गुंडाळून मी परतीच्या एसटीत बसले. नांदेड गुरुद्वाऱ्याचं गाव, तिथे तलवार बघून कुणी मान वळवत नाही; लातूरच्या गाडीत मात्र कंडक्टर अडून बसला.

"काय हाय हे?"

"तलवार आहे. लाकडाची."

"कशाला पायजे?"

"ताई चीची तलवार आहे," मी सांगितलं.

"ताईची? मग ताईला घेऊन याया पायजे. दुसऱ्याची वस्तू तुम्ही का म्हणून न्यायलाव? कुठाय ताई?"

आख्खी गाडी हसली. मी त्याच्यावर अशी काही खेकसले की तो बिचारा तिकीट न देताच पुढे गेला आणि मग परत आला. त्याची काय चूक? त्याने साधं मराठी ऐकलं होतं.

पुढच्या रविवारी आपांना वाटलं, मी हा किस्सा गंमत म्हणून सांगतेय. त्या हसत म्हणाल्या, "मंग आपाची म्हणायचं, बेटा. आपा म्हंजी ताईच की!" आणि मला रडू फुटलं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्यांना सांगितलं. भूकंपाच्या त्या पहाटे मी अंगणात पोचले होते. माझी ताई आतल्या खोलीतून मला नाव घेऊन हाका मारत होती. मी परत गेले नाही. मग दगडमातीचं माळवद खाली आलं.

आपा म्हणाल्या, "परत गेली असतीस तर दोघी गेल्या असत्या, असं लोक तुला सांगतील. मला ते म्हायती न्हाई. मला एवढंच म्हायती, की रिकाम्या पायावर उभं राहून कुणाला आणता येत न्हाई. ऊठ. वजन टाक."

त्यांनी जवळ घेतलं नाही याचा मला तेव्हा फार राग आला होता.

जूनमध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. जिना एकच, तोही अरुंद. मी रोज दारापाशी उभी राहूनच शिकवायचे. आणि एका सकाळी खरोखरचा धक्का बसला. आमच्याकडे असे लहान धक्के येत असतात, पण बाकं करकरली, खिडक्या वाजल्या आणि कुणीतरी "भूकंप!" म्हणून ओरडलं.

माझा डावा पाय जिन्याकडे निघाला होता. मी मागच्या पायावर वजन टाकलं. मी दारात हात आडवा धरला आणि माझ्याच कानांना परका वाटणाऱ्या आवाजात ओरडले, "एकेक ओळ! ढकलायचं नाही!" पोरं शिव्या देत, रडत, पण ओळीने उतरली. सगळी गेली असं वाटून मी जिन्याकडे वळले, तेवढ्यात आतून आवाज आला, "मॅडम..."

मागच्या बाकाखाली एक मुलगी अडकल्यासारखी बसून होती. जिना माझ्या पाठीशी होता. मी आत गेले. कशी, ते आठवत नाही. मधली बाकं ओलांडली की ढकलली, तेही नाही. मनगट धरून तिला बाहेर काढलं आणि तिन्ही मजले खाली आणलं.

रस्त्यावर मला गटाराशी उलटी झाली. पोरं आता हसत होती, कुणी घरी फोन लावायला पीसीओकडे धावलं होतं. ती मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, हात सोडा की. दुखायलाय."

मी हो म्हटलं. पण बराच वेळ सोडला नाही.