रवीखाली लिहिलेले नाव

अण्णांची आणि माझी पहिली भेट सांगलीत, हळदीच्या एका वखारीत झाली. युद्ध नुकतेच सुरू झाले होते. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवीत असे. गावातल्या काही हौशी गृहस्थांनी मंडळ काढून वखारीच्या रिकाम्या भागात संग्रहालय उघडले आहे आणि साताऱ्याच्या शाळेतली नोकरी सोडून आलेले चित्रशिक्षक श्री. विनायकराव मेढेकर, म्हणजेच आमचे अण्णा, ते सांभाळतात, असे कानावर आले, म्हणून मी वर्गातल्या मुलींना घेऊन गेले. काचेच्या कपाटांत विळ्या, अडकित्ते, समया आणि दुधाच्या चरव्या पाहून मुली हसू लागल्या.

"बाई, ही विळी आमच्या घरीपण आहे," एक जण म्हणाली.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी तिच्या हाती कागद दिला आणि म्हणाले, "मग तुमच्या घरची काढून दाखवा." तिला पात्याचा बाक काही केल्या आठवेना. त्यांनी कपाट उघडून विळी तिच्यासमोर ठेवली व शेजारी बसून तिच्याकडून तिचे चित्र काढून घेतले. त्या दिवसापासून मी सुटीच्या वारी तिथे मदतीला जाऊ लागले.

अण्णा मूळचे जावळी खोऱ्यातले. पत्नी लवकर गेल्या, मूलबाळ नाही. बाजारच्या दिवशी कडेगावला, माण तालुक्यातल्या दहिवडीला, पार मेढ्यापर्यंत जाऊन ते वस्तू निवडून आणीत. जिच्या घडणीत करणाऱ्याची नजर दिसते, तीच वस्तू घ्यायची, हा त्यांचा नियम. तिच्यावर उजेड कसा पडावा, यासाठी ते दुपारभर खिडकीचे पडदे सारखे करीत बसत.

बेचाळीस साली माझा धाकटा भाऊ भूमिगत झाला. आमच्या घरावर पाळत बसली आणि शेजारीपाजारी आमच्या दारावरून मान खाली घालून जाऊ लागले. अण्णा मात्र दर आठवड्याला भर दिवसा येत आणि ओट्यावर बसून आईशी मोठ्याने गप्पा मारीत. त्यांना चौकीवर बोलावून दिवसभर बसवून ठेवले. पुढच्या आठवड्यात ते नेहमीच्या वेळी ओट्यावर हजर होते.

पुढे माणात पाऊस पडला नाही. दुष्काळात लोकांनी विकलेले घरचे सामान मोडीचे व्यापारी गाड्या भरून आणू लागले आणि आमची कपाटे भरत गेली. आधी अण्णांना आनंद वाटला. मग एकदा एक पाळणा आला, त्याला दोरीला बांधलेले खुळखुळे तसेच होते. त्यानंतर त्यांचे हसणे कमी झाले.

त्या उन्हाळ्यात माणातल्या बायजाबाई नावाच्या बाई दिराबरोबर आल्या. दोघे खडी फोडायच्या कामावर निघाले होते. त्यांची ताक घुसळायची रवी इथे ठेवली आहे, हे व्यापाऱ्याकडून त्यांना समजले होते. बाभळीच्या त्या रवीच्या दांड्यावर चिमण्यांची रांग कोरलेली होती आणि ती आमच्या सर्वांच्या आवडीची होती. बाई कपाटासमोर उभ्या राहिल्या. खालच्या चिठ्ठीकडे बोट करून त्यांनी मला विचारले, "हितं काय लिवलंय?"

मी वाचून दाखवले, "रवी. माण तालुका. ग्रामीण कोरीवकामाचा उत्तम नमुना."

"म्हाद्याचं नाव न्हाई व्हय त्यात?"

म्हादू त्यांचा मुलगा. शेरडं राखता राखता त्याने ती रवी कोरली होती. पलटणीत गेला आणि ब्रह्मदेशातून तार आली. हे दिराने सांगितले.

अण्णांनी कपाट उघडून रवी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. "घेऊन जा, बाई. ही तुमची आहे."

बाईंनी दांड्यावरून हात फिरवला. "न्हेऊन काय करू, दादा? शेरडं समदी इकली. घुसळायला दूध कुठलं? हितं सावलीत तरी हाय. ऱ्हाऊ द्या." मग त्या म्हणाल्या, "त्याचं नाव तेवढं लिवा."

अण्णांनी तिथेच चिठ्ठी फाडून नवी लिहिली आणि त्यांना वाचून दाखवली. बाई गेल्यावर ते पायरीवर बसून राहिले. मी चहा आणला, तो तसाच निवला.

त्यानंतर अण्णांनी नव्या वस्तू घेणे थांबवले. एकेक वस्तू कुठल्या घरची, हे शोधत ते उन्हातान्हात माणात हिंडले. पुष्कळ घरांना कुलपे होती. माणसे मुंबईला गेली होती, काहींचा पत्ताच नव्हता. जी नावे मिळाली ती त्यांनी चिठ्ठ्यांवर लिहिली. उरलेल्यांवर लिहिले, "घर सापडले नाही."

मंडळाच्या अध्यक्षांना हे रुचले नाही. एक बडे पाहुणे यायचे होते. अध्यक्ष म्हणाले, "मेढेकर, लोक इथं कला पाहायला येतात. कोणाच्या घरचं दुःख वाचायला नाही. त्या चिठ्ठ्या काढा."

"त्या निघणार नाहीत," अण्णा म्हणाले. "हवं तर मला काढा."

मंडळाने त्यांना काढले. नंतर हळदीचा भाव चढला, मालकाने वखार परत मागितली आणि मंडळ मोडले. तांब्यापितळेची भांडी मोडीत गेली. लाकडी आणि दगडी सामान कोणालाच नको होते. ते अण्णांनी साताऱ्याला आपल्या दोन खोल्यांत नेले. रवी परत द्यायला ते पुन्हा माणात गेले, तेव्हा कळले की बायजाबाई खडीच्या कामावरच तापाने गेल्या. रवी अण्णांच्या भिंतीवर टांगलेली आहे, खाली म्हादूचे नाव आहे.

आज अण्णांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. पुष्कळ जण मला विचारतात की त्यांच्या हातून अखेर काय उभे राहिले? संग्रहालय राहिले नाही. अण्णांच्या खोलीत पाट, काठवटी आणि उखळे यांतून वाट काढत खाटेपर्यंत जावे लागते. कोणी पाहायला आले, तर ते अजून उठून एकेका घराविषयी सांगतात. अलीकडे त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही आणि डॉक्टर फार आशा देत नाहीत. तरीही गेल्या महिन्यात ते मला म्हणाले, "थंडी सरली की दहिवडीकडे जाऊ. मुंबईची माणसं जत्रेला गावी येतात. एखादं घर उघडं सापडेल."

आम्ही त्यांना नेणार आहोत. अण्णांना पुष्कळ आयुष्य लाभो, त्यांचे पाय धड राहोत आणि दारात उभा राहिलेला माणूस ओळखू येईल, इतकी तरी दृष्टी त्यांच्यापाशी अखेरपर्यंत राहो, एवढेच त्यांच्या सर्व सुहृदांच्या वतीने परमेश्वराजवळ मागते.