माशाचा वास आणि केमोची तारीख

"आज केमो देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

पेशंटचे नवरे उकंडराव खुर्चीवरून उठलेच. "काहून? आमी सकाळपासून बसून आहोत ना साहेब."

"मावशींचं वजन परत उतरलंय. पांढऱ्या पेशीही कमी आहेत. अशा अंगावर औषध चढवलं तर औषधच बाधेल. एक आठवडा थांबू." मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "शबाना मॅडम, यांच्या खाण्याचं बघा. पुढच्या वेळी वजन आणखी खाली गेलं तर मला डोस कमी करावा लागेल. ते मला करायचं नाहीये."

मी आहारतज्ज्ञ. हिंगोलीत केमोच्या डे-केअरमध्ये काम करते. डे-केअर म्हणजे पेशंटने सकाळी यायचं, सलाइनमधून औषध घ्यायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. माझं काम असं, की औषध झेपेल इतकं अन्न पेशंटच्या पोटात जायला हवं. केमो वेगानं वाढणाऱ्या पेशी मारते. कॅन्सरच्या पेशी तशाच असतात. पण तोंडाचं, आतड्याचं अस्तर आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही वेगानंच वाढतात, त्यामुळे त्यांनाही मार बसतो. ती झीज भरून काढायला प्रोटीन लागतं, ताकद लागते. अन्न कॅन्सर बरा करत नाही. पण अन्नाशिवाय औषध पूर्ण घेता येत नाही.

चंद्रकलाबाई सिद्धेश्वर धरणाच्या काठच्या एका वस्तीवरच्या. नवरा धरणात जाळं टाकतो, त्या आसपासच्या आठवडी बाजारांत मासे विकायच्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन मोठ्या शहरात झालं होतं. केमो आमच्याकडे सुरू होती. मी त्यांना माझ्या टेबलापाशी घेऊन गेले.

"काय खाता दिवसभर?"

"खाते की सगळं," उकंडराव म्हणाले. "कालच ताजा रोहू करून घातला."

"त्यांना बोलू द्या."

"ती काय बोलती? बोलतच न्हाई कोणाशी."

चंद्रकलाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. पहिल्या केमोच्या वेळी मीच त्यांना सांगितलं होतं, की घरात मासे आहेत, याहून चांगलं प्रोटीन विकत आणूनही मिळणार नाही. तेच पुन्हा सांगायला लागले. "बघा, मासा पचायला हलका. रोज दोन वेळा..."

त्या उठल्या आणि बेसिनकडे धावल्या. पोटात काहीच नव्हतं. नुसते कोरडे उमासे.

मी उकंडरावांना म्हटलं, "दादा, खाली कँटीनमध्ये चहा घेऊन या."

"मला नको चहा."

"घेऊन या. आम्हाला जरा बोलायचंय."

ते गेले. चंद्रकलाबाईंनी चूळ भरली, परत येऊन बसल्या.  मग त्याच म्हणाल्या, "म्याडम, मला माशाचा वासच सहन होऊन न्हाई राहिला."

"कधीपासून?"

"पहिल्या सलाइनीपासून. माझी माय मासे इकायची, मी इकते. लोक म्हणतील, कोळणीला मासा वास मारतोय! घरात जाळी, भिंतीला वास, भांड्याला वास." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "यांच्या अंगाला बी तोच वास. जवळ आले की पोटात ढवळतंय. आता कसं सांगू त्यांना, तुमचाच वास येऊन राहिलाय म्हणून? इतकं करून राहिलेत माझ्यासाठी."

केमोत असं होतं. चव बदलते, तोंडात लोखंड चघळल्यासारखं वाटतं, एखादा रोजचा वास नकोसा होतो. हे मी वाचलं होतं, पेशंटनाही सांगत होते. पण माझ्या पेशंटमध्ये चहाचा वास नकोसा झालेले होते, फोडणीचा झालेले होते. स्वतःच्या घराचा वास नकोसा झालेली बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

"हे औषधामुळे होतंय. औषध संपल्यावर बहुतेकांचं जातं. दादांना मी सांगू?"

त्या बोटातली अंगठी फिरवायला लागल्या. अंगठी सैल झाली होती. "सांगा. मी बाहेर बसते."

उकंडराव परत आले. मी आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांनी आपला हात नाकाशी नेला आणि वास घेतला.

"म्हणून तोंड फिरवत होती व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं, ऑपरेशन झालं म्हणून माझ्यापासून लपून राहिली. मी बी मग जवळ जाईना. म्हटलं, तिला अजून तकलीफ नको." डोळे पुसून ते ताठ बसले. "मंग आता काय करायचं ते सांगा. सगळं करतो."

आम्ही दोघं कामाला लागलो. चंद्रकलाबाईंना आत बोलावलं आणि एकेक पदार्थाचं नाव घेत गेलो. त्या मान हलवून हो किंवा नाही म्हणत. गरम अन्नाचा वास जास्त येतो, थंड अन्नाचा कमी. म्हणून सगळं गार करून द्यायचं. ताज्या दह्यातला भात चालेल. ज्वारीच्या पिठात भाजलेल्या सोयाबीनचं पीठ मिसळून धपाटं चालेल. सोयाबीन तर आपल्या भागात घरोघरी. शेंगदाणे-गुळाचा लाडू चालेल. अंडं त्या नको म्हणाल्या, मीही सोडून दिलं. दर दोन तासांनी थोडंथोडं. स्टीलच्या चमच्यानं लोखंडी चव वाढते, म्हणून लाकडी चमचा. पाणी उकळून, शिळं काही नाही, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना साधा जंतूही महागात पडतो. आणि रोज थोडं चालणं. पडून राहिलं की थकवा वाढतो आणि भूक आणखी मरते.

जाताना चंद्रकलाबाई म्हणाल्या, "सासूबाई नाही देणार. त्यांचं परेज हाय, पथ्य."

म्हणून रविवारी मी त्यांच्या वस्तीवर गेले. घर बघून मी थबकलेच. चंद्रकलाबाईंनी सांगितलेली जाळी कुठंच नव्हती. उकंडरावांनी ती भावाच्या छपरात नेऊन टाकली होती. मासे साफ करायची जागा काठावर हलवली होती. काम झालं की तिथंच साबण लावून अंघोळ करायची, भावाकडे कपडे बदलायचे आणि मगच घरात पाय ठेवायचा, असा नियम त्यांनी स्वतःच काढला होता.

सासूबाई मात्र ओसरीवर ठाण मांडून होत्या. "दूध न्हाई, दही न्हाई, गूळ तर न्हाईच," त्या म्हणाल्या. "साबुदाण्याची पेज देते की मी. गोडानं गाठ वाढती. समद्यांनी सांगितलंय."

"आजी, कोणी सांगितलं?"

"समद्यांनी."

"मावशींना शुगर नाही, रिपोर्ट बघितलाय मी. गूळ खाल्ल्यानं गाठ वाढत नाही. पण उपाशी राहिल्या तर औषध बंद होईल. मग गाठीला कोण अडवणार?"

"मी तिचं वाईट करून राहिले का?"

"नाही आजी. तुम्ही तिच्यासाठीच करताय. पण साबुदाण्याच्या पेजेवर ही लढाई होत नाही. मला तुमची मदत पाहिजे. धपाटं माझ्या हातचं चांगलं होत नाही."

आजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मुसलमानाच्या घरी धपाटं करतात का?"

"करतात की. माझं फाटतं."

त्या उठल्या. बाहेरच्या चुलीवर, घरापासून लांब, त्यांनी तीन धपाटी थापली. गार होईपर्यंत आम्ही बोलत बसलो. चंद्रकलाबाईंनी दह्यासोबत एक पूर्ण खाल्लं. दुसरं निम्मं. सगळे तोंडाकडे बघत होते, तेव्हा त्याच चिडून म्हणाल्या, "आता घास मोजू नका माझे."

पुढच्या आठवड्यात वजनकाट्यावर त्या उभ्या राहिल्या. वजन वाढलं नव्हतं. पण उतरलंही नव्हतं. पांढऱ्या पेशी सुधारल्या होत्या. त्या आपोआपही सुधारतात, सगळं श्रेय धपाट्याला देता येणार नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "चला, लावा सलाइन," म्हणाले. डोस पूर्ण दिला.

नंतरचं सोपं नव्हतं. त्या केमोनंतर तोंडात फोड आले. धपाटं टोचायला लागलं, तर आजींनी मुगाची पातळ खिचडी दह्यात कालवून दिली. एकदा चंद्रकलाबाईंनी वाटी भिरकावली. "नाही खायचं मला, नाही करायचं काही!" उकंडरावांनी वाटी उचलली, धुतली, थोड्या वेळानं दुसरी भरून आणली. हे मला आजींनी फोनवर सांगितलं आणि वर विचारलं, "लाडवात डिंक घातला तर चालंल का?" रोज संध्याकाळी नवराबायको कालव्याच्या कडेनं चालायचे. सुरुवातीला त्या मध्येच बसायच्या. मग बसायचं ठिकाण लांब लांब जात गेलं.

राहिलेल्या सगळ्या केमो वेळेवर झाल्या. डोस एकदाही कमी करावा लागला नाही. आता त्या तपासणीपुरत्या येतात. कॅन्सर परत येणार नाही असं कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, मीही नाही. वासाचा त्रास मात्र गेला, हळूहळू. मागच्या खेपेला मी विचारलं तर म्हणाल्या, "झिंगा खाल्ला की. आता सासूबाईच आडवतात, म्हणतात, झिंग्याचं परेज हाय, खाऊ नको."

माझ्या कामात एक बदल झाला. पूर्वी मी पेशंटला विचारायचे, काय खाता? आता आधी विचारते, काय खाववत नाही? आणि बरोबरचा माणूसच उत्तरं द्यायला लागला, की त्याला कँटीनमध्ये चहाला पाठवते. तिथला चहा वाईट आहे, पण माणूस बराच वेळ परत येत नाही.