फळीखालचे डबे

भाऊजी गेले त्याला आता दीड महिना होईल. शेवटचं बोलणं झालं तेही डब्यांचंच. दवाखान्यात उशीला टेकून बसले होते. मला विचारलं, "नीट बघून घेतलेस ना?" मी म्हटलं, "घेतले. तुम्ही झोपा आता."

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. बुऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारात त्यांचं तेलाचं लहानसं दुकान. घाण्यावरून तेल आणायचं, पत्र्याचे जुने डबे विकत घेऊन त्यात भरायचं आणि विकायचं. मी लग्न होऊन साताऱ्याहून बुऱ्हाणपुरात आले तेव्हा नवं मध्य प्रदेश राज्य नुकतंच झालं होतं. कचेरीचे कागद हिंदीत, बाजार हिंदीत, घरातल्या मराठीतही निम्मी हिंदी... मी आपली मान डोलवायची. कळत नाही म्हणायची लाज वाटे, दुसरं काय.

त्यातच भाऊजींना ताप आला, माझा नवरा परगावी. डबे आणायला मी गेले. डबेवाला गिऱ्हाइकात गुंतलेला. हात हलवून म्हणाला, "खाली डब्बे ले जाओ, बाई." तो रिकामे म्हणत होता. आमच्या साताऱ्यात खाली म्हणजे खाली. फळीवरचे सोडून मी फळीखालचे आठ डबे हातगाडीवर चढवले. आत पांढरी भुकटी होती. चुना असेल म्हणून फडक्याने पुसली आणि तेल भरलं. शहाणीच मी.

दुसऱ्या दिवशी भाऊजी कसेबसे दुकानात आले. एका डब्याच्या तोंडाशी आतून बोट फिरवलं, पांढरं लागलं तसे मटकन बसले.

"हे कुठले?"

"फळीखालचे."

"सुमन, ते लोधीपुऱ्यातल्या रंगाऱ्यांचे. कॉस्टिक सोड्याचे. विषच ते."

सहा डबे दुकानातच होते. एक शेजारच्या खानावळीत बंद सापडला. आठवा तापीच्या राजघाटावर गेला होता, भंडाऱ्याच्या जेवणाला.

तापातला माणूस अनवाणी निघाला, मी मागे. पोरं जेवायला बसली असतील तर... एवढंच डोक्यात. घाटावर कढई चढलेली, तेल तापत होतं, पहिली पुरी सोडायची बाकी होती. भाऊजींनी स्वतः कढई उतरवली आणि तेल मातीत ओतायला लावलं. भंडारा घालणारा अंगावर धावून आला. भाऊजी म्हणाले, "डबे मीच आणले होते. माझी चूक." मी तोंड उघडणार तोच त्यांनी डोळ्यांनी गप्प केलं.

घरी मी रडून म्हटलं, "मला पुन्हा बाजारात पाठवू नका." सकाळी त्यांनी पुठ्ठ्यावर खरेदीचे नियम लिहून टांगले. डबा हुंगल्याशिवाय घ्यायचा नाही. आधी त्यात काय होतं ते विचारायचं. 'खाली' म्हणायचं नाही, 'रिकामा' म्हणायचं, आणि कळलं नाही तर लाजायचं नाही. शेवटचा मी दोनदा वाचला. खरेदी सुमनच करील.

"मला भीती वाटते हो," मी म्हटलं.

"म्हणूनच. आता तू न बघता घेणार नाहीस."

परवा भाऊजींच्या माघारी पहिल्यांदाच डबे घ्यायला गेले. नुसत्या संशयावर चार बाजूला काढले. डबेवाला वैतागला. "अब तो छोड़ो बाई, देखनेवाला कौन रहा?"

मी पाचवाही बाजूला काढला, आणि घरी पोचेपर्यंत डोळे पुसत राहिले.