बर्फाखालचा डबा

गोष्टी कुणी ठरवून साठवत नाही. गोधडीच्या चिंध्यांप्रमाणे त्या आपोआप साठतात, आणि एके दिवशी लक्षात येते की गाठोडे बांधल्याशिवाय घरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही.

माझी नात मुक्ता समुद्रशास्त्रज्ञ आहे. दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्राच्या तळाशी जे अतिथंड पाणी असते, ते मोजणे हे तिचे काम. मी आणि रेल्वेतून निवृत्त झालेले हे, असे आम्ही दोघे दौंडला राहतो, आणि तिच्या जहाजावरच्या हकिगती आमच्या ओट्यावर चहाबरोबर वाटल्या जातात. शेजारच्या द्वारकाबाईंनी त्यांतली एक शिरूरला लेकीकडे नेली. आठवड्याने ती फिरून माझ्याकडे आली, तेव्हा मुक्ताला देवमाशाने गिळले होते आणि तिसऱ्या दिवशी बाहेर टाकले होते! म्हणून जे घडले ते, ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने, लिहून ठेवते आहे. मी जुनी मॅट्रिक आहे. पदरचे घालणे मला जमत नाही.

*

पहिल्या सफरीला निघण्यापूर्वी मुक्ता निरोप घ्यायला आली होती. तिथले पाणी शून्याच्याही खाली थंड असते, असे ती म्हणाली. मी तिला तिथेच थांबवले. शून्याला पाण्याचे बर्फ होते, हे आम्हाला शाळेत शिकवले होते आणि ते अजून बदललेले नाही.

ते साध्या पाण्याचे, असे तिने सांगितले. समुद्राचे पाणी खारट, म्हणून ते शून्याखाली जाऊनही वाहते राहते. शिवाय वर बर्फ धरताना मीठ मागे राहते, ते खालच्या पाण्यात उतरते, आणि थंड, खारट, जड झालेले ते पाणी तळाशी जाऊन बसते. तिथून ते हळूहळू जगभरच्या समुद्रांच्या तळाशी पसरते.

"आता ते पूर्वीइतकं तयार होतं का, पूर्वीइतकं थंड असतं का, हे बघायचं, आजी."

"आणि नसलं तर?"

मुक्ता उठली, माझी, यांची आणि स्वतःची कपबशी उचलून तिने मोरीत नेली आणि विसळून पालथी घातली. तिने स्वतःहून कपबशी विसळण्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

*

त्या सफरीसाठी मी तिला पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणून दिला. लोकर शिरूरहून आणवली होती. सकाळी न्हाणे झाले की केस वाळेपर्यंत उन्हात बसायचे आणि विणायचे, असा दोन महिने नेम होता. गळ्याचा एक टाका तिरका गेला म्हणून सबंध गळा तीनदा उसवला. थंडीला आत शिरायला सुईच्या अग्राएवढीही जागा राहू नये, एवढीच माझी इच्छा होती.

जहाज केपटाऊनहून निघाले, आणि मुक्ताने डेकचा फोटो पाठवला. हे चष्मा पुसून पुसून पाहत राहिले. डेकवर आगगाडीची जुनी चाके रचलेली होती. यांनी दौंड जंक्शनवर सारी नोकरी गाड्यांची चाके तपासण्यात घालवली. लांब दांड्याच्या हातोडीने चाक ठोकायचे आणि आवाजावरून तडा ओळखायचा.

मुक्ताने फोनवर उलगडा केला. एक लांब दोर असतो. त्यावर ठरावीक अंतराने तापमान आणि खारटपणा मोजणारी यंत्रे, वरच्या टोकाला नारिंगी तरंगते गोळे, आणि खालच्या टोकाला वजन म्हणून चाक. चाक तीन किलोमीटर खाली तळाला बसते, दोर पाण्यात उभा राहतो, आणि यंत्रे वर्षभर बर्फाखाली एकटी नोंदी घेत राहतात. वर्षाने जहाज परत जाते आणि पाण्यात आवाजाची खूण सोडते. मग चाक धरून ठेवणारा खालचा आकडा सुटतो, चाक तळाशीच राहते आणि बाकी सारे वर येते.

"आणि आकडा सुटलाच नाही तर?" यांनी विचारले.

"तर वर्ष गेलं, आजोबा. सगळ्या नोंदी यंत्राच्या डब्यातच असतात. माझी पीएचडी त्या डब्यात आहे."

हे म्हणाले, "चाक ठोकून बघितलंस का?"

"त्याला फक्त बुडायचंय, आजोबा."

"तरी ठोकून बघ."

दुसऱ्या दिवशी एक चित्रफीत आली. जहाजावरचे यंत्रांचे जाणकार थॉमस, केरळचे गंभीर गृहस्थ, हातोडीने चाक ठोकीत होते. यांनी डोळे मिटून तो आवाज दोनदा ऐकला आणि म्हणाले, "सोडा गाडी."

*

खोलवरचे पाणी तपासायला बाटल्यांचे एक कडे पोलादी तारेने खाली सोडतात. हव्या त्या खोलीवर एकेका बाटलीची झाकणे मिटतात आणि तिथले पाणी वर येते. त्या कड्याला जाळीची पिशवी बांधून जहाजावरची मंडळी थर्मोकोलचे चहाचे कपही खाली पाठवतात. आपलेही नाव समुद्राच्या तळाशी जाऊन यावे, अशी द्वारकाबाईंची हौस होती. मुक्ताने एका कपावर त्यांचे नाव लिहिले.

सफर संपवून ती घरी आली तेव्हा तो कप घेऊन आली. पाण्याच्या दाबाने तो शिंप्याच्या अंगुस्तानाएवढा झाला होता. त्यावरचे 'द्वारकाबाई' हे नावही तसेच आक्रसून मुंगीएवढ्या अक्षरांचे झाले होते. द्वारकाबाईंनी तो तळहातावर घेतला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वैनी, पोरगी त्या पान्यात उतरत न्हाई ना?"

मी सांगितले की मुळीच नाही, यंत्रे तेवढी उतरतात.

"पर काठावरनं वाकून बगत आसंलच की," त्या म्हणाल्या, आणि कप न घेताच घरी गेल्या.

*

त्याच मुक्कामात एकदा कुकर लावला होता. शिट्टी होईना आणि झाकणाच्या कडेने वाफ सुटू लागली. मुक्ता ते पाहून पांढरीफटक पडली आणि स्वयंपाकघरातल्या पाटावर बसली.

मग तिने सांगितले. यंत्राचा डबा बंद करताना झाकणात कुकरसारखेच एक रबरी कडे बसवतात. त्या कड्यावर एखादा केस जरी आडवा राहिला, तरी तीन किलोमीटर खाली पाण्याला तेवढी वाट पुरते. पाणी आत शिरले की वर्षभराच्या नोंदी संपल्या. म्हणून डबा बंद करतात त्या खोलीत डोक्याला घट्ट टोपी घातल्याशिवाय कुणाला पाऊल ठेवू देत नाहीत. थॉमसना पूर्ण टक्कल आहे, तरी तेसुद्धा घालतात! "एक केस, एक वर्ष," हे त्यांचे पालुपद.

"आजी, डबा मी बंद केला. दोर पाण्यात गेला, आणि रात्री आंघोळीला गेले तेव्हा माझी टोपी माझ्या झोपायच्या खोलीत उशीखाली सापडली. मी ती घातली होती की नव्हती, मला आठवत नाही. मी कुणाला सांगितलं नाही."

स्वयंपाकघरात शिरताना केस बांधावेत, हा नियम मी तिला सातव्या वर्षी घालून दिला होता. त्याची मी तिला आठवण करून दिली. निष्काळजीपणा एका माणसाचा असतो आणि भोगावा दहा जणांना लागतो, असेही सांगितले. आवाज चढवला नाही. ती खाली मान घालून ऐकत राहिली. इतके मी बोलायला नको होते, हे मला तिची बस सुटल्यावर कळले.

त्यानंतरचे वर्ष आमच्या घरात कुकर लागला की हे शिट्टी होईपर्यंत बैठकीतून हलत नसत.

*

जहाज बाराही महिने तिकडे थांबू शकत नाही. म्हणून सील नावाच्या सोंडवाल्या अवाढव्य प्राण्याच्या डोक्यावर शास्त्रज्ञ एक छोटे यंत्र चिकटवतात. तो बर्फाजवळच्या खोल पाण्यात बुड्या मारतो आणि श्वासाला वर आला की यंत्र उपग्रहाला नोंदी कळवते. पुढे अंगावरचे केस झडले की यंत्रही गळून पडते. दिवाळीला आली असता मुक्ताने लॅपटॉपवर अशा एका सीलच्या प्रवासाची रेघ दाखवली.

द्वारकाबाईंच्या माहेरची माणसे मेंढरे घेऊन रानोमाळ हिंडत. त्यांनी जनावराची चौकशी रीतसर केली. मालक कोण, राखण कोण करते, चुकले तर शोधायला कोण जाते? कुणीच नाही, म्हटल्यावर त्यांना ते पटले नाही. मग त्यांनी पडद्यावरच्या रेघेच्या टोकावर बोट ठेवले.

"हितनं म्होरं कुटं गेलं?"

मुक्ता म्हणाली, तिथून पुढे यंत्र बोललेले नाही. कदाचित लवकर गळून पडले असेल.

द्वारकाबाईंनी बोट उचलले नाही. "आमच्या वाड्यावर मेंढराची घंटा वाजत आसली की समदी निवांत झोपायची. घंटा थांबली की बा उठून बसायचा."

त्या दिवशी चहा कुणी संपवला नाही.

*

मुक्ता दुसऱ्या सफरीवर गेली ती तो डबा परत आणायला. जहाज बर्फाच्या प्रदेशात शिरले आणि तिचे निरोप बंद झाले. एक दिवस, दोन दिवस, आठवडा.

हे मला धीर देत. मुक्तानेच सांगितले होते की समुद्रात आपोआप खालीवर करणारी काही यंत्रे सोडलेली असतात. वर येताना पाणी फार थंड लागले, तर डोक्यावर बर्फ आहे असे ओळखून ती न धडकता माघारी खाली जातात. सारा हिवाळा गप्प राहतात, आणि मोकळे पाणी मिळाले की साठलेले सगळे एकदम सांगतात. "तसंच समज," हे म्हणायचे. एवढे म्हणून फोन चार्जिंगला लावायचे. तो भरलेलाच असायचा.

नवव्या दिवशी फोन एकसारखा वाजू लागला. एकामागून एक सतरा निरोप आले. पडद्यावर सर्वांत वर शेवटचा होता: 'आता धोका नाही.'

कसला धोका, ते समजायला आधीचे सोळा वाचावे लागले. जहाज बर्फात अडकले होते. यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. पाचव्यापासून मला त्यांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते.

*

डबा काढायचा दिवस मुक्ताने कळवला होता. आम्ही दुपारी जेवण उरकून फोनसमोर बसलो. तिचा एक निरोप आला. आवाजाची खूण पाण्यात सोडली, तळातून आकड्याचे उत्तर आले, आकडा सुटला. यानंतर वर यायला तासभर तरी लागायचा, आणि तेवढ्यात वाऱ्याने बर्फाचा मोठा तुकडा नेमका त्या जागेवर सरकत होता.

पुण्याची डेमू गाडी गेली. मागून एक मालगाडी गेली. हे ओट्यावर उभे राहून तिची चाके मोजत होते. मी जप केला नाही. डोळ्यांपुढे सारखे कुकरचे झाकण येत होते.

मालगाडीचा आवाज विरल्यावर निरोप आला: नारिंगी गोळे बर्फाच्या कडेला वर आले.

डबा उघडल्यानंतर संध्याकाळी मुक्ता पडद्यावर दिसली. अंगात माझाच स्वेटर होता. रडून डोळे सुजले होते आणि ती हसत होती. आत पाण्याचा थेंब नव्हता. वर्षभराची एकही नोंद गेलेली नव्हती.

"पण केस होता, आजी," ती म्हणाली. "झाकणाच्या आत. रबरी कड्यापासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर."

थॉमसनी तो केस काळ्या कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवला होता. मुक्ताने कागद पडद्याजवळ धरला. केस हातभर लांब होता, आणि शुभ्र पांढरा.

"डबा बंद करताना दोघंच होतो," ती म्हणाली. "माझे केस काळे. थॉमसना टक्कल."

यांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत घातलाच नाही. पलीकडे मुक्ता बाहीवरून हात फिरवत माझ्याकडे पाहत होती.

"आजी, पुढच्या सफरीला नवा स्वेटर विणशील ना?"

"दुकानातला घे," मी म्हणाले.