पिंपळपानाचं शेपूट

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि अप्पांच्या हत्यारांना हात लावणारी मुलगीही मीच पहिली. दोन्हींचा मला अभिमान आहे, लपवत नाही. अप्पा सुतार. कलबुर्गीत बी.ए. करताना सुट्टीला गावी आले की मी पटाशी घेऊन बसायची.

गेल्या वर्षी गावातल्या बुद्धविहाराच्या नव्या दरवाजाचं काम अप्पांकडे आलं. चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडावर तीन पिंपळपानं उठावात कोरायची होती. ती मीच कोरणार, असा मी हट्ट धरला.

"कोर. पण पानाच्या टोकाचं शेपूट ठेवू नको, मोडंल," अप्पा म्हणाले.

"कामून मोडंल?"

"लाकडाचे रेषे आडवे, तुझं शेपूट उभं. टिकंल व्हय?"

"शेपूट न्हाई तर पिंपळ कसला? लोक म्हणतील, सुताराच्या पोरीनं विहारावर विड्याचं पान लावलंय."

अप्पा हसले. "मग बघ बाई. एवढं लांब सागवान दुसरं न्हाई आपल्याकडं."

सपाट पटाशीनं पानाभोवतीचं लाकूड खाली उतरवलं. मग गोल तोंडाची पटाशी पानाच्या पोटावरून फिरवली, तसं पान फुगून वर आलं. अंगावर काटाच आला माझ्या. त्याच उत्साहात शेपटाच्या कडेला एक टोला घातला, आणि शेपूट टचकन उडालं.

आई चुलीपुढून म्हणाली, "आता चुना बी लाव त्याला."

मी तुटल्या जागेकडं बघत राहिले. वर ठेवलं म्हणून मोडलं ना? मग वर कशाला, आत कोरू. जागा सपाट केली. धारदार सुरीनं आधी दोन्ही कडा कापल्या, म्हणजे रेषे फाटणार नाहीत. मग इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तोंडाची पटाशी धरून पानाच्या टोकापासून खाली बारीक, खोल खाच ओढली. पान उठावात, शेपूट खोदीव. तिरप्या उन्हात त्या खाचेत सावली भरली आणि शेपूट लोंबायलाच लागलं.

"अप्पा, हिकडं या की."

ते जवसाच्या तेलाचं फडकं घेऊन आले. मुद्दाम जोर लावून पानावर घासलं. पण मोडायला वर काही उरलंच नव्हतं.

"कालेजात शिकवलं व्हय हे?"

"तिथं पटाशी देत न्हाईत."

"बरं," अप्पा म्हणाले. "उरलेली दोन बी अशीच कर. तिन्ही सारखी दिसाया पाहिजेत."

आईनं चहा पुढं केला. मी नंतर घेते म्हणाले आणि दुसरं पान आखायला बसले.