उपाशी कोंबड्या

नागपूरजवळ, कुहीच्या रस्त्याला एक पत्र्याचं शेड आहे. तिथे कोंबड्या विकत मिळत नाहीत. आपल्याच पाळलेल्या कोंबड्या आपण घेऊन जायच्या आणि शेडवालीनं त्या कापून, गरम पाण्यात बुडवून, पिसं काढून, साफ करून आपल्यालाच परत द्यायच्या. पाळायची हौस दांडगी पण सुरी धरायची हिंमत नाही, अशा आमच्यासारख्यांची ती सोय.

हौस माझ्या नवऱ्याची. जन्मभर कचेरीत फायली हलवल्या आणि निवृत्त झाल्यावर कुहीजवळ दीड एकर घेऊन तीस-चाळीस गावरान कोंबड्या पाळल्या. शेडवाली त्यांना साहेब म्हणायची. कचेरीत कुणी कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे स्वारी खूश असायची.

शेडचा एक नियम होता. आदल्या संध्याकाळपासून कोंबड्यांना दाणा द्यायचा नाही, नुसतं पाणी. गळ्याखालची दाण्याची थैली भरलेली असली की कापताना फुटते आणि मांस खराब होतं. हे मान डोलवायचे, आणि निघायच्या सकाळी मी चहा करत असताना गुपचूप मूठभर कणी टाकून यायचे. मरायला चाललेल्या जिवाला उपाशी कसं पाठवायचं, असं त्यांचं म्हणणं. शेडवर विचारलं की तोंड वर करून सांगायचे, दाणा टाकलाच नाही. थैली उघडली की कणी बाहेर. ती बाई त्यांना दर खेपेला चांगलं फैलावर घ्यायची आणि हे खाली मान घालून ऐकायचे. मला त्याची भारी गंमत वाटायची.

गेल्या दिवाळीनंतर हे गेले. छातीत दुखायचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. नागपुरातल्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो येई तो माझ्याकडे बघून आवाज खाली आणी. मला त्या हळू आवाजांचा वीट आला.

महिन्याभरानं मी एकटीच कोंबड्या घेऊन शेडवर गेले, नियमाप्रमाणे उपाशी ठेवून. शेडवालीनं विचारलं, "साहेब काहून नाही आले?" तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी म्हणाले, वांग्यांना पाणी देताहेत.

म्हणाले आणि मला इतकं बरं वाटलं की लाजच वाटली. त्या एका शेडपुरते ते अजून होते, वांग्यांच्या वाफ्यात उभे. पुढच्या महिन्यात ते विहिरीवरची मोटर दुरुस्त करत होते. त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांना सर्दी झाली, तेव्हा तिनं अडुळशाचा काढा द्यायला सांगितलं. परत येताना मी वाटेत थांबून अडुळसा तोडूनसुद्धा आणला. घरी ओट्यावर ती पानं ठेवली आणि त्यांच्याकडे बघत खूप रडले. मला माझा माणूस हवा होता, सर्दीसकट, खोटं बोलण्यासकट.

चौथ्या खेपेला माझ्या तोंडून खोटं निघेना. तिनं नेहमीसारखं विचारलं आणि मी सांगून टाकलं, की ते नाहीत, दिवाळीपासूनच नाहीत.

ती नळावर हात धुवत होती. नळ बंद करून म्हणाली, "मले पयल्याच खेपेले समजलं होतं, ताई. कोंबड्याइच्या थैल्या रिकाम्या होत्या."

मग दर वेळी विचारत का होतीस, असं मी जरा रागानंच म्हटलं.

"तुमाले सांगाले बरं वाटे म्हणून."

मग तिनं माझी पाकिटं बांधली आणि स्वतः गाडीत नेऊन ठेवली.

मी अजूनही महिन्याकाठी जाते. ती चहा देते. माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मुलाचा फोन आला का विचारते. साहेबांचं मात्र विचारत नाही. पाकिटं हातात आल्यावरही मी उगाच रेंगाळते, वाटतं, एकदा तरी विचारेल. इतर लोकांपासून मी कधी काही लपवलं नव्हतं. हिला सांगून बसले, आणि आज ते काय करताहेत हे मला विचारणारं आता कुणीच उरलं नाही.