सड्यावरची चाकोरी

खरं सांगायचं तर असले अनुभव वाचताना मी दुसऱ्या परिच्छेदालाच ठरवून टाकतो की गडी एक तर झोपेत होता किंवा प्यायलेला होता. केडगावात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार बंद पडली की माणसं म्हणतात, "कुनाची तरी नजर लागली." मी मोटार उघडून त्यांना जळालेली कॉइल दाखवतो. पंचवीस वर्षं हेच करतोय... कारण सापडतंच. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण मनात ठेवून ठेवून कंटाळलो. आता तुम्ही बघा.

माझं वय त्रेपन्न. पोट वयापेक्षा जास्त दिसतं. डॉक्टरांनी दम दिला, म्हणून मुलीनं एक सायकल घ्यायला लावली – खडी-मुरमावर चालणारी, जाड टायरची, टायरला खोल खाचा. ती पुणे रोडवर चालवायची तर डॉक्टरांच्या आधी ट्रकवाल्यांनीच माझा निकाल लावला असता. म्हणून महिन्यातून एकदा सायकल गाडीत कोंबून मी आक्काकडे मुक्कामाला जातो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. काष्टीच्या पुढं वस्तीवर राहते. घराच्या मागूनच पाट जातो आणि पाटाच्या कडेनं मैलोन् मैल मुरमाचा रस्ता. ट्रक नाही, हॉर्न नाही. फार तर मेंढरांचा कळप आडवा येतो, आणि मेंढरं काही माझ्या पोटाकडे बघून हसत नाहीत.

आक्काला साखर आहे. सकाळी साडेसातला इन्सुलिनची सुई घ्यायची आणि अर्ध्या तासात खायचं, असा नेम. पण माहेरचा माणूस घरी असला की ती त्याच्याआधी घास खात नाही. आई-वडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मी एकटा. तीस वर्षं असंच चाललंय आणि – आता लिहिताना जाणवतंय – मला त्यात कधी काही खटकलं नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता. दाजी आणि भाचा पहाटेच कालवड घेऊन बाजाराला गेलेले. घरी आक्का एकटी. मी सहाला निघालो.

"पावणेआठला येतो," म्हटलं.

"ये. पोहे करते. आन् उगं लांब जाऊ नको, तुला पळवंना झालंय आता."

फोन तिच्याकडेच चार्जिंगला ठेवला होता. तासभर जाऊन वळलो. परत येताना, घर सहा किलोमीटरवर असेल, मागच्या चाकात वेड्या बाभळीचा काटा घुसला. फुस्स्... झालं. पाठीवरच्या पिशवीत नवी ट्यूब होती. पंप केडगावात, फ्रिजवर.

मग सायकल ढकलत चालू लागलो. हातातल्या बँडवर सात वाजून दहा मिनिटं. पायात ते कडक तळव्याचे सायकलचे बूट, मुरमावर घसरायचे. घर दोनेक किलोमीटर राहिलं तेव्हा कमरेनं सांगितलं, आता बस. पाटाच्या मोरीवर बसलो. पिशवीत दोन केळी होती, ती खाल्ली. आक्काच्या सुईचं लक्षात होतं का? होतं. 'खाल्लं असेल तिनं' असं मनाशी म्हणालो, आणि तिनं खाल्लेलं नसणार हेही मला माहीत होतं. तरी उठवेना. आठ वाजून पाच मिनिटांनी मी तिथं बसलेला होतो, बँडकडे बघितल्याचं पक्कं आठवतंय. वीसेक मिनिटांनी उठलो.

वस्तीवर पोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. सायकल फाटकाबाहेरच आडवी टाकली, कारण समोर आक्का ओट्यावर खांबाला टेकून बसलेली दिसली. घामानं चिंब. शेजारी गुळाचा डबा उघडा, तांब्या रिकामा. मी पळत गेलो. मला बघून तिनं तोंड सोडलं –

"आरं, कुठं उलथला हुतास पुन्ना? एवढं गूळ चारलास, पानी पाजलंस, आन् आलोच म्हनून गेलास ते गेलासच!"

"आक्का, मी आत्ता येतोय."

"व्हय व्हय. आन् मघाशी काय तुजं भूत आलं हुतं?"

म्हटलं, साखर उतरल्यावर माणूस बरळतं. आधी पोहे खायला घातले. साखर मोजायचं मशीन लावून बघितलं, ठीक होती. जरा रंग आल्यावर विचारलं. ती सांगत होती ते असं – आठ वाजून गेले, मी येईना. हातपाय थरथरायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी आली. तरी ही बाई पोह्यांची ताटली झाकून बसलेली! तेवढ्यात मी सायकल थेट ओट्यापर्यंत आणली, आत गेलो, गूळ आणून तिच्या तोंडात घातला, धरून बसवलं.

मी तिला हाताला धरून फाटकापर्यंत नेलं आणि बसलेलं चाक दाखवलं. "हे बघ. सहा किलोमीटर ढकलत आणलीय. आठला मी मोरीवर बसलो होतो."

तिनं टायर दाबून बघितलं. मग हळूच म्हणाली, "मंग त्यो बिचारा च्या न घेताच गेला व्हय रं?"

हसू आलं मला... पण पुरतं आलं नाही. कारण माझी नजर अंगणात गेली होती. मी निघून गेल्यावर आक्कानं शेणाचा सडा टाकला होता, अजून ओलसर. त्यावर फाटकापासून ओट्यापर्यंत एका सायकलची चाकोरी होती. खोल खाचांची नक्षी, माझ्या टायरची. दोन्ही चाकं हवा भरलेली, रेघ स्वच्छ. ओट्याशी थांबलेली. बाहेर जाणारी चाकोरी नव्हती. आणि माझी सायकल तर फाटकाच्या आत आलीच नव्हती.

अकराला दाजी आले. ओट्यावरचा डबा बघून थबकले.

"ह्यो कुनी काढला?"

"का हो?"

"धान्याच्या कोठीमागं, वर माळ्यावर लपवून ठिवला हुता. हिच्यापायी! चोरून खाती ना गूळ. तुमाला कुनी सांगितलं?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. आक्काच्या गुडघ्यांना माळ्याची शिडी चढणं शक्य नाही.

त्यानंतर मी सगळं उघडून बघितलं, मोटार उघडतो तसं. डॉक्टर म्हणाले, साखर उतरल्यावर भास होतात. बरं. भास माळ्यावर चढतो का? त्यावर ते म्हणाले, बहिणीला वेळेवर खायला सांगा. दुसरा सायकलवाला म्हणावं तर आजूबाजूच्या गावांत असल्या टायरची सायकल मी कुणाकडेच पाहिलेली नाही. कुणाची असेल तर त्या गृहस्थानं कृपा करून पुढं यावं. चहा राहिलाय त्याचा. दाजींना वाटतं आम्ही दोघं मिळून त्यांची चेष्टा करतोय. कॉइल सापडलेली नाही, एवढंच सांगतो.

एक मात्र झालं. आक्का आता माझ्यासाठी थांबत नाही. परवा तिच्याकडे होतो, फेरी मारून आठला दमून आलो तर तिचं खाऊन झालेलं, माझी ताटली झाकलेली, पोहे गार.

म्हटलं, "वा! शेवटी ऐकलंस म्हणायचं माझं."

"तुजं कुठं? त्याचं ऐकलं."

"काय म्हणाला तो?"

ती ताट घासता घासता थांबली. "गूळ चारताना म्हनला, आक्के, हितनं म्होरं आदी तू खायाचं." पुन्हा घासायला लागली. "मला तवाच कळाया पायजे हुतं, ह्यो आपला बाळू न्हाई. तू जन्मात कदी असं म्हनला हाईस का?"

मी गार पोहे खाल्ले.